बायको घरी नसेल असं धरून

सभा शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात ठेवली होती, कारण तळमजल्यावरच्या खोल्यांपैकी तेवढ्या एकीलाच पायरी नव्हती. भिंतीवर पोरांनी काढलेली घरं आणि तिरपे सूर्य. बाकं कडेला सारून मध्ये जागा केलेली. पालिकेच्या आपत्ती कक्षाच्या बाई फळ्यापाशी उभ्या होत्या. समोर वस्तीतले पांढरी काठीवाले निवृत्त सर, बेकरीत काम करणारी आणि ऐकू न येणारी मुलगी, तिला खुणांनी सांगणारा दुभाषा, अशी दहा-बारा माणसं होती. आणि पालिकेच्या चार माणसांनी तिसऱ्या मजल्यावरून उचलून आणलेला पेंटर चाकांच्या खुर्चीत होता.

पेंटरची बायको अगदी मागच्या बाकावर बसली होती. चष्म्याच्या दुकानातून ती तशीच आली होती, नखांत अजून काचेची पांढरी भुकटी. दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. नवरा पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. परांची मोडून पडला आणि कमरेखाली शरीर गेलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. हल्ली तो घरी बसून संगणकावर पाट्यांची अक्षरं काढून द्यायचा, पण लोक अजूनही त्याला पेंटरच म्हणत. त्याला उठवणं, अंघोळ, कपडे, रात्री कूस बदलणं, केस कापणं, सगळं ती करायची. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "त्यात काय, माझाच नवरा आहे." पण ते कौतुक ऐकायला ती जरा थांबायची, हेही खरं.

"जुन्या आराखड्यात तुमच्यासाठी एकच ओळ होती," बाई म्हणाल्या. "'अपंग व्यक्तींना त्यांच्या कुटुंबीयांनी सुरक्षित स्थळी हलवावे.' बस." वाचताना त्या स्वतःच ओशाळल्या. "आता तुम्ही सांगा. समजा, मागच्या बर्फाच्या कारखान्यातून गॅस सुटला आणि वस्ती रिकामी करायची आहे. काय व्हायला हवं?"

बेकरीतल्या मुलीच्या वतीने दुभाषा म्हणाला, भोंगा वाजून तिला काय उपयोग, जिन्यात दिवा लावा. सर म्हणाले, मला हाताला धरून ओढू नका, तुमच्या कोपराला मला धरू द्या. मग पेंटरने हात वर केला.

"माझ्यासाठी जे काही ठरवाल," तो म्हणाला, "ते माझी बायको घरी नसेल असं धरून ठरवा."

बाईंनी मान डोलावली. कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. मागच्या बाकावर बसलेल्या बायकोच्या कानांच्या पाळ्या मात्र गरम झाल्या. चारचौघांत कुणी थोबाडीत द्यावी तसं तिला झालं. घरी नसेल? एवढी वर्षं मग घरी होतं कोण?

घरी आल्यावर तिने कुकर आपटला, भांडी आपटली. मग दारात येऊन उभी राहिली.

"मी कधी नव्हते रे घरी?"

"दिवसभर दुकानात असतेस," पेंटर शांतपणे म्हणाला.

"धावत येईन."

"येशीलच की. पण तू पोचेपर्यंत मी काय करू? खिडकीत बसून तुझी वाट बघू?"

तिला जास्तच राग आला.

ठरलं ते असं, की ज्याला मदत लागेल त्याला त्याच इमारतीतला एक जोडीदार द्यायचा. हाक मारली की त्याने यायचं. पेंटरचा जोडीदार म्हणून तळमजल्यावरचा मुंगी पुढे आला. घरसामान हलवणं हा त्याचा धंदा. चण होती किरकोळ, उंची पेंटरच्या बायकोच्या खांद्याइतकी, पण एकट्याने पाठीवर फ्रिज घेऊन जिने उतरायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला मुंगी म्हणायची. एकटाच राहायचा. आजवर तो जिन्यात भेटला तर "वहिनी, बरं आहे ना?" एवढंच बोलायचा.

पहिल्या दिवशी तो खांद्यावर सामान उचलायचे रुंद पट्टे टाकून घरात आला आणि पेंटरभोवती एक चक्कर मारली.

"वजन किती?"

"कपाटापेक्षा कमी, बायकोच्या अपेक्षांपेक्षा जास्त," पेंटर म्हणाला.

दोघं खो खो हसले. ती ओट्यापाशी उभी होती. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यांनी बाईंच्या कक्षातून आलेल्या प्रशिक्षकाकडून शिकून घेतलं. जाड कापडाची बैठक करायची, कारण पेंटरला कमरेखाली काही जाणवत नाही आणि पट्टा कातडीत रुतला तरी त्याला कळणार नाही. पाय एकत्र बांधायचे, म्हणजे कठड्यावर आपटणार नाहीत. ती हे सगळं बघत होती. एक गोष्ट कुणी विचारली नव्हती आणि ती तिला ठाऊक होती: जोरात धक्का बसला की त्याचा डावा पाय आपोआप झटका देतो. झटका असा, की धरणाऱ्याचा तोल जावा. सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण मुंगी गुडघ्यावर बसून पट्टा आवळत होता, पेंटर त्याच्या टकलावर टिचकी मारत होता, आणि तिला वाटलं, एवढी जोडी जमलीये ना, मग शिकेल की आपलं आपण.

जिना उतरताना दुसऱ्या वळणावर पाय उडाला. मुंगी भिंतीवर आदळला, दोघं लटपटले, मुंगीने कठड्याला मिठी मारली म्हणून निभावलं. ती वरून ओरडली. पण पेंटर घाबरलाच नव्हता.

"हां, हे सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "धक्का बसला की डावा लाथ मारतो. त्याला आधी मांडीशी दाबून धर."

"आधी सांगायला काय झालं होतं, गाढवा?"

"विसरलो, गाढवा."

ती तशीच जिन्यात उभी राहिली. इतकी वर्षं तो पाय ती सांभाळत आली होती, अंथरुणात, अंघोळीत, गाडीत बसवताना. तिला तो आपलाच वाटायचा. आणि पेंटरने त्याची किल्ली अशी सहज, शेजाऱ्याला वर्तमानपत्र द्यावं तशी दुसऱ्याच्या हातात ठेवली.

रात्री तिने ताईला फोन लावला.

"तो हल्ली सारखा त्याच्याबद्दलच बोलतो," ती म्हणाली. "मुंगी असं म्हणाला, मुंगीने हे आणलं. मी आले की दोघं गप्प."

"थांब, थांब," ताई म्हणाली. "बाई कोण आहे यात?"

"बाई कुणी नाही गं. मुंगी. खालचा. सामान हलवणारा टकल्या."

पलीकडून ताईचं ते घोड्यासारखं हसणं. "अगं, तुला सवत आणली ती पण टक्कल पडलेली!"

तिने फोन ठेवून दिला. खरं तर सवत असती तर बरं झालं असतं, तिच्या मनात आलं. भांडता तरी आलं असतं. लोकांना सांगता आलं असतं, लोकांनी हळहळ तरी केली असती. आता सांगायचं तरी काय? की माझ्या नवऱ्याला कुणीतरी जीव वाचवायला मिळालंय आणि त्यानं माझ्या पोटात दुखतंय?

मग एका संध्याकाळी ती दुकानातून आली आणि दार उघडताच तिला वास आला. कसलातरी गोडसर, थंड, पुरुषी वास. पेंटर खिडकीपाशी काम करत होता. त्याची मान उघडी, गोरी दिसत होती. कानामागची कड वस्तऱ्याने सरळ रेषेत घेतलेली.

"हे कुणी केलं?"

"काय? अच्छा, केस होय?" त्याने मानेवरून हात फिरवला. "जिन्याचा सराव करायचाच होता, तर मुंगी म्हणाला, नुसतं खाली जाऊन वर कशाला यायचं? चौकातल्या न्हाव्याकडे नेलं. अगं, त्याने खुर्ची बदललीये, ती मागे पूर्ण आडवी होते. मला झोपच लागली."

ती पर्स खुंटीला अडकवायला गेली. खुंटी चुकली, पर्स खाली पडली. हॉस्पिटलातून तो घरी आला तेव्हापासून त्याचे केस तीच कापत होती. रविवारी, गॅलरीत, गळ्याला जुना टॉवेल गुंडाळून. जरा वाकडेतिकडे व्हायचे. पण तो कधी काही बोलला नव्हता. दर वेळी आरशात बघून म्हणायचा, "छान. तुला उगीच त्रास."

"छान कापलेत," ती म्हणाली, आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

बाहेर आली तेव्हा आणखी एक दिसलं. तिचं कपाट जागेवर नव्हतं. दाराकडे जाणारी वाट सरळ व्हावी म्हणून ते आतल्या भिंतीला लावलं होतं, आरशावर तिची टिकली चिकटलेली होती तशीच.

"माझ्या घरातलं माझं कपाट कुणी हलवलं?"

"मुंगीने. सामान न काढता हलवलं, बघ. एक बाटलीसुद्धा पडली नाही."

"मला विचारलं?"

पेंटरने संगणकावरून हात काढला. "तू घरी नव्हतीस," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला कळलं की हे म्हणायला नको होतं. त्या रात्री तिने त्याची कूस बदलली ती एक शब्द न बोलता. "सॉरी हं," तो म्हणाला. तिने दिवा घालवला.

त्यानंतर ती मुंगीशी तुटक वागायला लागली. तो आला की ही मुद्दाम केर काढायला घ्यायची. एकदा त्याने विचारलं, "वहिनी, तुम्ही पण एकदा सरावाला या ना. कधी मी बाहेरगावी असलो तर?" ती म्हणाली, "मला शिकवायची गरज नाही. तुमच्या आधीपासून सांभाळतेय." मुंगी मान खाली घालून गेला. पेंटरने नंतर तिला एवढंच विचारलं, "त्याने तुझं काय घोडं मारलंय?" तिने केरसुणी कोपऱ्यात आपटली.

गॅस सुटला तो भर दुपारी. ती एका म्हाताऱ्या बाईच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होती. आधी टेबलावरचा फोन थरथरला, मग दुकानातले सगळेच फोन, आणि मग लांबून भोंगा. मेसेज होता: बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची गळती, मागच्या तीन गल्ल्या ताबडतोब रिकाम्या करा, वारा नदीकडे आहे, क्रीडागृहाकडे जा. तिने चष्मा म्हाताऱ्या बाईच्या हातात तसाच अर्धवट ठेवला आणि पळत सुटली. नवऱ्याला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. सगळे एकाच वेळी फोन लावत असावेत.

एवढ्या वर्षांत तिने हे कितीदा मनात बघितलं होतं! धूर असतो, कधी पाणी असतं, ती जिने चढत जाते, दार उघडते, आणि तो म्हणतो, "आलीस?" बाकीचं कधी नीट बघितलंच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरून त्याला खाली कसं आणायचं ते चित्र तिने कधी पूर्ण केलं नव्हतं. ते तिला आत्ता, पळताना कळलं.

चौकात पोलिसांनी आडव्या पट्ट्या लावल्या होत्या. डोळे चुरचुरत होते. समोरून लोक नाकाला ओलं कापड लावून येत होते.

"आत नाही जायचं, बाई."

"माझा नवरा तिसऱ्या मजल्यावर आहे. त्याला चालता येत नाही."

"पथक गेलंय आत."

"पथकाला काय कळतंय! त्याला धक्का लागला की पाय..." तिने पट्टीखालून वाकायचा प्रयत्न केला. पोलिसाने दंड धरला. वयाने तो तिच्या धाकट्या भावाएवढा असेल.

"कुठली इमारत? थांबा, विचारतो." तिने इमारत सांगितली तशी त्याने वायरलेसवर विचारलं. खरखर झाली. मग एक आवाज म्हणाला, "तिसरा मजला, खुर्चीवाले. बाहेर आलेत. क्रीडागृहात पोचले."

"ऐकलंत?" पोलीस हसला. "सुखरूप आहेत."

"कोणी आणलं?" तिने विचारलं.

"अं?"

"कोणी आणलं त्याला? पथकाने की अजून कुणी?"

पोलीस तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. "ते कशाला हवंय तुम्हाला? जिवंत आहे ना माणूस!"

तिला स्वतःचीच लाज वाटली. ती वळली आणि क्रीडागृहाच्या दिशेने चालायला लागली. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. ती एक पाय घासत गेली.

क्रीडागृहाच्या दारावर पेंटरनेच काढलेल्या पाट्या होत्या, पिवळ्यावर काळी मोठी अक्षरं आणि बाण: पाणी, शौचालय, उतार, डॉक्टर. पायऱ्यांवर प्लायवूडचा उतार टाकला होता. आत शेकडो माणसं, रडणारी पोरं, घोंगड्या. आणि मधोमध पेंटर, त्याच्या स्वतःच्या खुर्चीत, एका स्वयंसेवकाला झापत होता.

"या खाटा जमिनीलगत आहेत. यावरून मी उठणार कसा? त्या आजी उठणार कशा? उंच खाटा आल्यात, मीच मोजून घेतल्या होत्या. मागच्या खोलीत बघा. कुलूप असेल तर फोडा!"

स्वयंसेवक पळाला. बेकरीतली मुलगी पेंटरच्या खांद्यावर थाप मारून हातांनी काहीतरी म्हणाली, पेंटरला तेवढी खूण येत होती, तो हसला. तो हसत होता! केस विस्कटलेले, डोळे लाल, पण चेहरा असा, की अपघाताच्या आधी परांचीवर उभा राहून खाली तिला हात करायचा तेव्हाचा.

ती दारातच थांबली. तिच्याशिवाय तो वाचला होता, एवढंच नव्हे, तिच्याशिवाय तो मजेत होता.

त्याने तिला पाहिलं. "आलीस? पाणी प्यालीस का? चपलेला काय झालं?"

"मी मेले असते धावता धावता!" ती इतक्या जोरात म्हणाली की आजूबाजूची माणसं वळली. "आणि तू इथे खाटा मोजतोयस!"

पेंटरने खुर्ची कोपऱ्यात, उड्यांच्या दोऱ्या ठेवायच्या पेटीपाशी नेली. ती मागोमाग गेली आणि पेटीवर बसली.

"फोन लागत नव्हता," तो म्हणाला. "सॉरी. तुला उगीच..."

"सॉरी म्हणू नकोस!" मग आवाज खाली आणून, जमिनीकडे बघत ती म्हणाली, "जळते मी. कळलं? त्याच्यावर जळते. ते न्हाव्याकडे जाणं, ते हसणं. आत्ता पोलिसाला मी आधी काय विचारलं माहितीये? कोणी आणलं म्हणून. तू जिवंत आहेस ऐकलं आणि मी हे विचारलं."

पेंटरने चाकाचा ब्रेक लावला. खाटा ओढल्याचा आवाज येत होता.

"तू रोज सकाळी दार ओढून घेतेस ना," तो म्हणाला, "आणि तीन जिने तुझ्या चपलांचा आवाज येतो. खालपर्यंत ऐकतो मी. मग दिवसभर तुझं ते दुकान, ती चष्मे विसरणारी गिऱ्हाइकं, तुझा तो शेठ. संध्याकाळी सगळं सांगतेस. हसत सांगतेस. मला काय वाटत असेल?"

"कधी बोलला नाहीस."

"ज्या हातांनी धुतेस त्या हातांना काय बोलू?"

एवढ्या वर्षांत असं वाक्य त्याच्या तोंडून आलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिने विचारलं, "कुठे आहे तो?"

पेंटरचा चेहरा उतरला. "हॉस्पिटलमध्ये नेलाय. मला खाली सोडलं, पथकाच्या गाडीत बसवलं, सगळं ठीक होतं. मग म्हणाला, खुर्ची राहिली. मी म्हणालो, राहू दे रे. तर म्हणाला, खुर्चीशिवाय तिथे तुला पोत्यासारखं एका जागी टाकतील. पथकवाले ओरडत होते. गेला. तेवढ्यात वारा फिरला." त्याने चाकावर हात ठेवला. "खुर्ची घेऊन इथे आला, मला तिच्यात बसवलं आणि खोकतच खाली बसला. मला जाता येत नाही तिकडे. तू जाशील?"

ती तुटकी चप्पल घालून गेली. मुंगी खाटेवर पडला होता, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळ्यांवर ओल्या घड्या. खाटेवर तो आणखीच लहान दिसत होता. चाहूल लागताच त्याने मान वळवली.

"कोण?"

"मी. वरची."

"वहिनी?" तो उठायला लागला. तिने खांदा दाबून झोपवलं. "पेंटर बरा आहे ना?"

"खाटांवरून भांडतोय."

मुंगी मास्कमध्ये हसला आणि खोकला. नर्सने लांबून डोळे वटारले. "जिन्यात काय शिव्या देत होता!" तो धापा टाकत म्हणाला. "'हळू रे माकडा, मी काय सोफा आहे?' शेवटपर्यंत चालू. माझ्या आईचा, बापाचा, कुणाचा उद्धार बाकी ठेवला नाही."

तिने त्याच्या अंगावरची चादर सरळ केली. पेंटरने तिला कधी शिवी दिली नव्हती. पाणी फार गरम झालं तरी "चालेल" म्हणायचा, कंगवा रुतला तरी "छान". एवढी वर्षं त्या घरात तो पाहुण्यासारखा जपून बोलत आला होता, आणि तिला वाटत होतं हेच प्रेम. या माणसाला मात्र त्याने तीन मजले मनसोक्त शिव्या घातल्या. तिच्या पोटात पुन्हा तेच दुखलं, जुन्या जागी. पण या वेळी तिला कळत होतं की ती नक्की कशासाठी जळतेय.

"डाव्या पायाचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी. मुद्दाम सांगितलं नाही."

मुंगीने डोळ्यांवरची एक घडी सरकवली. "मला वाटलंच," तो म्हणाला. "माझ्या बहिणीने पण माझ्या बायकोला कधी माझ्या आवडीची आमटी शिकवली नाही." मग म्हणाला, "बायको गेली सोडून. आमटीमुळे नाही, पण गेली." आणि हसायला गेला तो पुन्हा खोकला.

तिने त्याला पाणी पाजलं. उद्या मऊ भात आणते म्हणाली. तो म्हणाला, मीठ जास्त घाला.

गळती संध्याकाळपर्यंत आटोक्यात आली. वस्तीतलं कुणी दगावलं नाही. आठवड्याभराने आपत्ती कक्षाच्या बाईंनी पुन्हा सभा घेतली, त्याच चित्रकलेच्या वर्गात. या वेळी पेंटरची बायको पुढच्या बाकावर बसली. "खुर्चीचं आम्ही विसरलो," बाई म्हणाल्या. "माणूस बाहेर काढला की काम झालं असं धरलं होतं. चूक झाली." ठरलं, की क्रीडागृहात आणि इमारतीच्या खाली चाकांच्या जादा खुर्च्या ठेवायच्या, म्हणजे कुणी परत वर जाणार नाही. एका जोडीदाराऐवजी दोघं तयार करायचे. पेंटरच्या बायकोने हात वर केला आणि म्हणाली, दुकानाच्या वेळेत माझी इथे येण्याची सोय नाही, पण संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या इमारतीतल्या सरांसाठी माझं नाव घाला. सर लगेच म्हणाले, "ओढणार नसाल तर."

मुंगीची छाती काही महिने नाजूक राहणार होती. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. म्हणून पेंटरसाठी दुसऱ्या मजल्यावरचे दोघं भाऊ तयार झाले, एक रिक्षा चालवायचा, एक जिममध्ये शिकवायचा. रविवारी त्यांचा पहिला सराव होता. ती जिन्याच्या तळाशी उभी राहिली. मुंगीही आला होता, गळ्याला मफलर गुंडाळून, हाताची घडी घालून.

वरून आवाज आला. पेंटर ओरडत होता, "अरे सरळ, सरळ! भिंत आहे ती, दार नाही!" दोघं भाऊ हसत होते, पेंटरही हसत होता.

"असा धरतात का?" मुंगी पुटपुटला. "पट्टा बघा किती वर घेतलाय. आणि हसतायत काय नुसते. जिना आहे का नाटक?"

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ आवळलेले, कानाच्या पाळ्या लाल. तिने तो चेहरा ओळखला, स्वतःचा आरशात पाहिला असता तर तसाच दिसला असता.

"जास्तच हसतोय ना आज?" ती म्हणाली.

"माझ्याबरोबर एवढा नव्हता हसत," मुंगी म्हणाला.

"हसायचा. याच्याहून जास्त."

मुंगीने मान हलवली, पटलं नाही तरी. वरचे तिघं शेवटच्या वळणावर आले होते, आणि पेंटरने आता रिक्षावाल्याच्या सात पिढ्या काढायला घेतल्या होत्या. तिने पायरीवर जागा पुसली आणि मुंगीला म्हणाली, "बसा. उभं राहून धाप लागेल." दोघं बाजूबाजूला बसले आणि चुका मोजत वर बघत राहिले.